आठ तास पायांवर असूनही तब्येत का ढासळते? नर्सच्या थकव्यामागचं शास्त्र आणि त्यावरचे तीन उतारे

‘सिस्टर, थोडा व्यायाम करत जा,’ असं कुणी म्हटलं की वॉर्डातून ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, आठ तास पायांवरच असतो आम्ही, अजून कसला व्यायाम?’ त्यात खोटं काही नाही. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतल्यापासून बेड लावणं, औषधांची ट्रॉली, राउंड, ॲडमिशन, डिस्चार्ज, पेशंटला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सोडणं, मामा (वॉर्डबॉय) जागेवर नाहीत म्हणून स्वतःच ब्लड बँकेत धावणं. बूड टेकतं ते फक्त रिपोर्ट लिहिताना. आणि तरीही नोकरीची दहा-पंधरा वर्षं झाली की वजन वाढलेलं असतं, कंबर धरलेली असते, पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठलेल्या असतात. घरी मुलाने साधी वही मागितली तरी अंगावर ओरडावंसं वाटतं.

एवढं चालून शरीर कमावलं का जात नाही, हा प्रश्न संशोधकांनाही पडला. डेन्मार्कमधले आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करत आहेत. फुरसतीत केलेली हालचाल हृदयाला मानवते, पण नोकरीत करावी लागणारी अंगमेहनत तसा फायदा देत नाही, अनेक अभ्यासांत तर ती अपायकारक दिसली. याची त्यांनी दिलेली कारणं ऐकली की आपला वॉर्डच डोळ्यांसमोर येतो.

व्यायामात दम लागतो, पण थोडाच वेळ. हृदयाची गती चांगली वाढते, मग खाली येते, स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. ड्युटीवर दम लागत नाही, म्हणजे हृदयाला तालीम मिळत नाही. पण ते किंचित वाढलेल्या गतीने तासन्तास धावत राहतं, आणि रक्तदाबही चढा राहतो. त्यात पेशंटला कूस बदलायला लावताना वाकून, अंग पिळवटून ओझं उचलावं लागतं. वेग आपल्या हातात नसतो, विसावाही नसतो. दुसऱ्या दिवशी शरीर सावरायच्या आतच पुन्हा तेच. म्हणून ड्युटीवरचं चालणं शरीराच्या हिशेबात व्यायाम म्हणून जमा होत नाही, श्रम म्हणून खर्ची पडतं.

थकवा एकाच जागी नसतो

शरीराचा थकवा निदान दिसतो तरी. बाकीचा दिसत नाही. पहाटे साडेतीनची मेडिकल वॉर्डातली वेळ घ्या. एका पेशंटला इन्सुलिनचं इन्फ्युजन चालू आहे, तासातासाला शुगर बघून रेट बदलायचा. दुसऱ्याची सलाइन संपत आली. कोपऱ्यातले आजोबा भ्रमात कॅथेटरची नळी ओढताहेत. दाराशी एक नातेवाईक ‘डॉक्टर कधी येणार?’ म्हणून आवाज चढवतोय. आणि सिस्टरच्या हातात औषधाची छोटी बाटली, व्हायल, आहे. तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचून डोस काढायचा आहे. मागचे सगळे आवाज बाजूला सारून डोळे आणि डोकं त्या अक्षरांवरच धरून ठेवायचं आहे.

इथे पायांबरोबर आणखी तीन गोष्टी झिजतात. पहिली म्हणजे लक्ष, जे मुद्दाम, जोर लावून एका जागी धरावं लागतं. दुसरी भावना. आतून कितीही घाबरलं किंवा चिडलं तरी चेहरा शांत ठेवायचा, आवाज मऊ ठेवायचा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. नर्सिंगला ते तंतोतंत लागू पडतं. तिसरी गोष्ट बोलायला सगळ्यांत अवघड. काय करायला हवं हे कळतं, पण करता येत नाही. त्या आजोबांजवळ दहा मिनिटं बसलं, हात धरला, तर ते शांत होतील हे तिला पक्कं ठाऊक असतं. पण चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर असताना दहा मिनिटं आणायची कुठून? या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असं नाव दिलं, आणि ते दिलं नर्सिंगच्या नीतिशास्त्रावर लिहितानाच.

हे सगळं वर्षानुवर्षं साचलं की बर्नआउट येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, नोकरीतून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम धड होत नाही असं वाटू लागणं. वॉर्डात यातली दुसरी खूण लवकर ओळखू येते. पूर्वी पेशंटला ‘काका, कसं वाटतंय?’ विचारणारी सिस्टर आता नुसतं ‘सात नंबर’ म्हणते. ती निष्ठुर झालेली नसते. तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं.

आता उताऱ्याकडे येऊ. झीज वेगवेगळ्या ठिकाणी होत असेल तर भरपाईही वेगवेगळ्या मार्गांनी करावी लागते. सगळ्यांवर ‘जरा आडवी पड’ हे एकच औषध चालत नाही. साबिन झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस सावरतो तो चार अनुभवांतून, अशी मांडणी केली: कामातून मन पूर्ण सुटणं, अंगमन सैलावणं, काहीतरी नवं जमल्याचा आनंद मिळणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. सोफ्यावर पडून मोबाइल बघण्यात यातलं किती मिळतं ते तपासून पाहा. वॉर्डाच्या ग्रुपवर उद्याच्या ड्युटीची अदलाबदल चालू असते, म्हणजे मन सुटलेलं नसतं. नवं काही जमत नाही. पुढचं काय दिसणार तेही मोबाइलच ठरवतो. म्हणून तासभर पडूनही उठताना ताजं वाटत नाही.

झोनेनटाग यांनी पुढे एक पेचही दाखवला. ताण जितका जास्त, तितकी सावरण्याची गरज जास्त, आणि नेमकं तेव्हाच माणसाच्या हातून व्यायाम, छंद, फिरणं सगळं सुटतं. तेव्हा ‘मला काही करावंसंच वाटत नाही’ हा आळस समजू नये. थकव्याचंच ते लक्षण आहे.

झाडांकडे बघणं

सुरुवात निसर्गापासून करते, कारण यात अंगाला सगळ्यांत कमी तोशीस पडते.

रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलेला विचार असा: जोर लावून धरलेलं लक्ष थकतं, आणि त्याला विसावा मिळतो तो आपसूक वेधलं जाणाऱ्या लक्षातून. पानांची सळसळ, पाण्यावरचा उजेड, मुंग्यांची रांग. यांच्याकडे डोळे जातात, पण मेंदूला काही ठरवावं लागत नाही. मॉनिटरचा अलार्म आणि रस्त्यावरचा हॉर्नही लक्ष ओढतात, पण ते हिसका देऊन, लगेच काहीतरी करायला लावून. अमेरिकेत मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा गर्दीच्या रस्त्यावर चालवलं. झाडांतून चालून आल्यावर आकडे उलट क्रमाने लक्षात ठेवण्याची चाचणी लोकांना जास्त चांगली जमली. यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही की कडाक्याच्या थंडीत, चालणाऱ्यांना मजा वाटली नव्हती तेव्हाही, हा फायदा झाला. म्हणजे ‘मला निसर्गाची आवड नाही’ म्हणणाऱ्या सिस्टरनेही करून बघायला हरकत नाही.

खास नर्सेसवर झालेला एक अभ्यास अमेरिकेतल्या पोर्टलंडचा आहे, २०१८ सालचा. २९ नर्सेसनी सहा आठवडे रोजचा ब्रेक रुग्णालयाच्या बागेत घेतला आणि सहा आठवडे आतल्या खोलीत. बागेतल्या आठवड्यांत भावनिक थकवा आणि पेशंटविषयीचा दुरावा, दोन्ही कमी झाले. या संशोधकांत रॉजर अल्रिचही होते. खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी जातात, हे त्यांनीच १९८४ मध्ये दाखवलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर १८५९ मध्येच पेशंटच्या नजरेसमोर फुलं आणि रंग असावेत म्हणून आग्रह धरला होता. पेशंटला लागू पडतं ते त्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या बाईला लागू पडायला दीडशेहून जास्त वर्षं लागली!

किती वेळ द्यायचा? इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांना आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त जाणवलं. ही दोन तासांची वेळ एकदम काढली की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. ड्युटी लिस्टवर जगणाऱ्यांसाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. भायखळ्याच्या परिसरात नोकरी असेल तर ऑफच्या दिवशी राणीच्या बागेतल्या जुन्या झाडांखाली तासभर, पुण्यात असाल तर एखादी टेकडी, सांगलीत कृष्णेचा घाट. यातलं काही जमत नसेल तर हॉस्टेलच्या आवारातला पिंपळ आहे. डबा खाताना मोबाइल पिशवीत ठेवून त्याची पानं हलताना बघितली तरी ती मिनिटं हिशेबात धरा.

नाइटवाल्या सिस्टरसाठी मात्र नियम उलटा. ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण नाइट संपवून निघालेल्या बाईला तो नडतो. सकाळचा लख्ख उजेड मेंदूला सांगतो की दिवस उजाडला, आणि मग झोप लांबते, तुटते. तिने गॉगल लावून थेट घर गाठावं, खोली काळोखी करून झोपावं. फिरणं उठल्यावर, दुपारी उशिरा. आणि घरच्यांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. नाइट करून आलेल्या बाईला ‘दिवसभर घरीच तर होतीस’ असं ऐकवलं जातं, डोअरबेल वाजत राहते, कुकर लावायला तिलाच उठवतात. तिची दुपारची झोप ही तिची रात्र आहे.

हाताला रंग, सूत, सूर

कलेचं नाव काढलं की ‘मला कुठे चित्र काढता येतं!’ हे येतंच. त्याला उत्तर म्हणून गिरिजा कैमल यांचा अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातला २०१६ चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन हवं ते करू दिलं, आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलं. ज्यांनी पूर्वी चित्रं काढली होती आणि ज्यांनी कधीच नव्हती, त्यांच्यात फरक दिसला नाही. प्रयोग छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे एवढ्यावर फार मोठे दावे करू नयेत. पण कोविडच्या काळात कोलोरॅडो विद्यापीठाने आरोग्य कर्मचाऱ्यांवर तुलनेचा गट घेऊन १२ आठवड्यांचा कलोपचाराचा कार्यक्रम केला. त्यात चित्र, लेखन, संगीत, नृत्य असे गट होते. त्यातही चिंता, नैराश्य आणि बर्नआउट कमी झालेलं दिसलं.

असं का होत असावं? वॉर्डातलं काम कधी पुरं होत नाही. एक बेड रिकामा झाला की दुसरा पेशंट येतो. चूक झाली तर ती कुणाच्या तरी जिवाशी. कागदावर मात्र सुरुवात आणि शेवट दोन्ही तुमच्या हातात असतात, आणि चुकण्याची मुभा असते. ठिपक्यांची रांगोळी घ्या. ठिपके मोजताना मनात दुसरं काही आणता येत नाही, आणलं की ओळ चुकते. चुकली तर बोटाने पुसायची. शेवटची रेघ पहिल्या रेघेला मिळाली की आकृती बंद होते आणि काहीतरी तडीस गेल्याचं समाधान मिळतं. दिवसभर ज्या बोटांनी व्हेन (शीर) शोधली त्याच बोटांतून आता पांढरी पूड हवी तशी सुटते.

ज्यांना चित्राची भीती वाटते त्यांनी वारलीपासून सुरुवात करावी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचं अंग होतं, वर गोल डोकं, चार काड्यांचे हातपाय. पाच मिनिटांत तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारी माणसं उभी राहतात. कुणाला क्रोशाची सुई जवळची वाटेल, तिचा फायदा असा की ती पर्समध्ये मावते आणि लोकलमध्येही चालते. कुणाला भजनी मंडळ. चारचौघींबरोबर गाताना श्वास आपोआप लांब आणि एका लयीत येतो, आणि लांब सोडलेला श्वास हृदयाची गती उतरवतो.

हे आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही. पहाटे जातं ओढताना बायकांनी गायलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, मेलेल्या मुलाचं दुःख आहे. अंग मोडणारं काम करतानाच त्या बायकांनी मनातलं बाहेर काढायची वाट शोधली होती.

लिहायला आवडत असेल तर तेही करा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकापासून दाखवलंय की मनाला लागलेल्या घटनेबद्दल सलग तीन-चार दिवस, रोज १५ मिनिटं मोकळेपणाने लिहिल्याचा अनेकांना फायदा होतो. लिहून झाल्यावर पहिल्यांदा थोडं जड वाटतं, ते अपेक्षितच आहे. नर्सने इथे एक पथ्य पाळायचं: पेशंटचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असा तपशील वहीत नको, आणि ही वही कुठे पोस्ट करण्यासाठी नाही.

आणि व्यायाम

आता मूळ प्रश्नाकडे. ड्युटीवरचं चालणं पुरत नाही, मग काय पुरतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. नर्सने आधी हात घालावा तो या दुसऱ्या भागाला, असं माझं मत आहे. कारण कंबर धरते ती ओझ्याने, आणि ओझं काही टळणार नाही. मांड्या, पाठ, पोट यांचे स्नायू मजबूत असतील तर तेच ओझं कमी जाणवतं. खुर्चीतून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, उभ्याने टाचा उचलणं. पंधरा मिनिटांत होतं, कपडे बदलावे लागत नाहीत, फी लागत नाही.

टाचा उचलण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर जातं ते पोटरीच्या स्नायूंनी शिरा दाबल्यामुळे. ओटीत तासन्तास एकाच जागी उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. म्हणून उभ्या उभ्याच मधूनमधून टाचा उचलाव्या, आणि घरी आल्यावर दहा मिनिटं भिंतीला पाय वर लावून पडावं. बीपी, गुडघ्याचं जुनं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. इतरांना तुम्ही हेच सांगता!

डबल ड्युटीच्या दिवशी व्यायाम करू नका. त्या दिवशी झोपा. झोप विकून घेतलेला व्यायाम तोट्याचाच.

जे नर्सच्या हातात नाही

एवढं सगळं लिहिताना मला एका गोष्टीची भीती वाटते. उद्या एखादं रुग्णालय परिचारिका दिनाला, १२ मे रोजी, तासाभराचं योगशिबिर घेईल, फोटो काढेल, आणि दुसऱ्या दिवशी तीच सिस्टर एकटीने पूर्ण वॉर्ड सांभाळेल. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचामागे एक नर्स असा आहे, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. आपल्या वॉर्डातले आकडे त्याच्याशी ताडून बघा. ही तफावत रांगोळीने भरून निघणार नाही. ती भरतीनेच भरायला हवी, आणि ते मागणं हाही स्वतःची काळजी घेण्याचाच भाग आहे.

इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रनच्या हातात मात्र बरंच असतं. ड्युटी लिस्ट दोन आठवडे आधी लावली तर सिस्टरला भजनाचा किंवा पोहण्याचा वार पकडता येतो. नाइटनंतर लगेच इव्हनिंग लावू नये. ब्रेकमध्ये पेशंट कोण बघणार हे नाव घालून ठरवावं, नाहीतर ब्रेक कागदावरच राहतो. आवारात सावलीत दोन बाक टाकायला फार खर्च येत नाही. ऑफच्या दिवशी ग्रुपवर कुणाला टॅग करू नये.

आणि काही वेळा रंग, झाडं, व्यायाम यांपैकी काहीच पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, ऑफच्या दिवशीही झोप लागत नसेल, ड्युटीला निघताना छाती धडधडत असेल, झोपेसाठी स्वतःच्या मनाने गोळी घ्यायची सवय लागली असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर ते छंदाने सुटायची वाट बघू नका. आपल्या व्यवसायात गोळी हाताशी असते, म्हणून हा धोका खरा आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मराठीतून बोलता येतं, आणि ती चोवीस तास चालू असते, म्हणजे नाइटच्या ब्रेकमध्येही.